‘पुढे’ बटणाचा कोर्स : एका सहकारी बँकेच्या केवायसी प्रशिक्षणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एक नागरी सहकारी बँक. तीसेक शाखा, अडीचशेच्या आसपास कर्मचारी, निम्म्याहून अधिक शाखा तालुक्याच्या गावी. ओळख पटू नये म्हणून आकडे ढोबळ ठेवले आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून. तो कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळण्याचे) निर्देश यांमुळे कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण बँकेला सतत चालू ठेवावे लागते. पूर्वी मुख्य कार्यालयाच्या सभागृहात रविवारी वर्ग भरायचे. पुढे बँकेने मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरवर स्वतःची प्रशिक्षण प्रणाली उभी केली आणि बाहेरून तयार कोर्स विकत घेतला : ६४ स्लाइड, मागे सलग निवेदन, शेवटी २० प्रश्न, ६० टक्क्यांना उत्तीर्ण, मुदत ३१ मार्च. इंग्रजी मजकुराचे मराठी बँकेतच कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टंकून दिलेले. ते युनिकोड नसल्याने सात-आठ स्लाइडवर अक्षरांऐवजी नुसती चिन्हे उमटत. दोन वर्षे त्याबद्दल एकही तक्रार आली नाही. तेव्हाच कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती.

कागदोपत्री मात्र सगळे झकास होते. दरवर्षी शंभर टक्के पूर्तता, बहुतेकांना विसापैकी अठराच्या वर गुण.

अडचण नेमकी कुठे होती

अंतर्गत तपासणीच्या टिपणांत वर्षानुवर्षे त्याच चुका येत होत्या. पत्त्याचा पुरावा म्हणून पॅन कार्ड जोडलेले (पॅन कार्डावर पत्ता नसतोच, आणि ‘अधिकृत वैध दस्तऐवजां’च्या यादीत ते नाही). व्यवसायाच्या रकान्यात ‘इतर’. माहितीत काहीच बदल नसलेल्या ग्राहकाला केवायसी नूतनीकरणासाठी कागदांचा पूर्ण संच पुन्हा आणायला लावलेला. खरे तर तिथे ‘बदल नाही’ असे स्वयंघोषणापत्र पुरते. आणि संगणकाने दिलेला संशयास्पद व्यवहाराचा इशारा एका शेऱ्यावर बंद केलेला : ‘ग्राहक ओळखीचा आहे.’

ज्या माणसाला प्रश्नपत्रिकेत अठरा गुण मिळाले, त्याच्याच हातून काउंटरवर या चुका होत होत्या. तेव्हा प्रणालीची नोंदवही उघडून पाहिली गेली. निवेदन सलग ऐकले तर पन्नास मिनिटे लागत. बहुतेकांचा कोर्स सहा ते नऊ मिनिटांत संपलेला. काही शाखांत एकाच संगणकावरून पाच जणांची पूर्तता लागोपाठ, तासाभरात. व्हॉट्सॲपवर ‘१-ब, २-क, ३-ब’ अशी उत्तरांची माळ फिरत होती, ती नंतर सापडली.

प्रशिक्षण विभागाचा पहिला निष्कर्ष असा : कोर्स रटाळ आहे, म्हणून लोक बघत नाहीत. चित्रे, ॲनिमेशन घालू. हे अर्धेच खरे होते. चार शाखांना भेटी दिल्यावर बाकीचे कळले. कोअर बँकिंगच्या, म्हणजे खात्यांचे रोजचे व्यवहार चालणाऱ्या, संगणकांना इंटरनेट नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. शाखेत इंटरनेट असलेला संगणक एकच, तोही शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये. त्याला स्पीकर नाही. म्हणजे पन्नास मिनिटांचे निवेदन कोणाच्या कानावर पडतच नव्हते. जिथे पडत होते तिथेही स्लाइडवरचाच मजकूर आवाज शब्दशः वाचून दाखवत होता. डोळे ओळ आधी संपवतात, कान मागे राहतात, आणि दोन्हीकडून माणूस वैतागतो. शिवाय मुदत मार्चअखेर, म्हणजे वसुली, व्याजनोंदी आणि तपासणी यांच्या ऐन धुमाळीत. अशा वेळी साहेबांच्या केबिनमध्ये तासभर बसून स्लाइड बघणारा कॅशियर सापडणे अवघडच.

पण मूळ दुखणे स्लाइडमध्येच होते. २३वी स्लाइड अशी :

‘ग्राहकाची जोखीम-वर्गवारी निश्चित करताना ग्राहकाची ओळख, सामाजिक व आर्थिक स्थिती, व्यवसायाचे स्वरूप व स्थान इत्यादी बाबी विचारात घेण्यात याव्यात.’

वाक्य चुकीचे नाही. मात्र ते वाचून कर्मचाऱ्याला काहीच ठरवावे लागत नाही. ६४ स्लाइडमध्ये ‘आता तुम्ही काय कराल?’ असा प्रश्न एकदाही नव्हता, आणि ‘पुढे’ हे बटण ६३ वेळा होते.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय मांडले गेले.

पहिला, तोच मजकूर ॲनिमेटेड व्हिडिओत. पुरवठादाराला हा सगळ्यात प्रिय होता. तो लगेच बाद झाला : स्पीकर नाहीत, शाखांची इंटरनेट लाइन बारीक, आणि नियम बदलला की व्हिडिओ पुन्हा करायचा.

दुसरा, गुण, बिल्ले आणि शाखांची क्रमवारी. संचालक मंडळातील एकदोघांना हा फार आवडला. विरोधातला मुद्दा साधा होता. जिथे आधीच उत्तरे फिरतात तिथे क्रमवारी लावली, तर ती जास्त वेगाने फिरतील. चुरस लागेल, पण ‘पुढे’ दाबण्याची.

तिसरा, पुन्हा वर्ग भरवणे. यात तथ्य होते. चर्चा होते, शंका निघतात. पण तीस शाखांतील लोक एका जागी आणणे वर्षातून एकदाच जमते, आणि एकदा ऐकलेले टिकत नाही. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच विस्मरणाचा आलेख मांडून ठेवला आहे : शिकलेल्यातला मोठा भाग सुरुवातीच्या काही दिवसांतच गळतो.

चौथा, कोर्स मोडून काउंटरवरच्या प्रसंगांवर उभा करायचा आणि नंतर अधूनमधून आठवण करून द्यायची. हा निवडला. खरे अडले ते इथे. कायद्याने नेमावा लागणारा बँकेचा प्रिन्सिपल ऑफिसर (या नियमांच्या पालनाची जबाबदारी असलेला अधिकारी) म्हणाला, ‘रिझर्व्ह बँकेचे तपासनीस आले आणि त्यांनी विचारलं, पूर्ण धोरण शिकवलंत का, तर मी काय दाखवू? गोष्टी?’

आक्षेप रास्त होता, आणि त्याला बगल दिली असती तर काम तिथेच थांबले असते. तोडगा असा निघाला. धोरणाची पूर्ण प्रत प्रणालीवर राहील आणि ‘वाचले’ अशी पोच प्रत्येकाकडून घेतली जाईल. शिवाय एक तक्ता बनेल : कोणता प्रसंग धोरणाच्या कोणत्या परिच्छेदावर बेतला आहे. हा तक्ता प्रिन्सिपल ऑफिसरने स्वतः तपासून सही केला. त्यानंतर आक्षेप घेणारा माणूसच कामाचा पाठीराखा झाला.

काय केले

*आधी गाळणी.* दोन वर्षांची तपासणी-टिपणे आणि बंद केलेल्या इशाऱ्यांचे शेरे घेतले. सहा काउंटर कर्मचाऱ्यांना एकच प्रश्न विचारला : ‘शेवटचं कधी अडखळलात?’ ‘केवायसीबद्दल काय शिकायला आवडेल?’ असे विचारले असते तर ‘सगळं छान आहे साहेब’ एवढेच उत्तर आले असते. मग ६४ स्लाइडवर तीन खुणा केल्या : इथे काही ठरवावे लागते, हे हाताशी असले की पुरे, हे फक्त मुख्य कार्यालयाला लागते. पहिल्या खुणेखाली उरले ११ निर्णय. दुसऱ्या खुणेचे झाले दोन पानांचे कोष्टक, काउंटरच्या काचेमागे लावायला : कोणती कागदपत्रे चालतात, कोणती नाहीत, नूतनीकरण जास्त जोखमीच्या ग्राहकाचे दोन वर्षांनी, मध्यमचे आठ, कमीचे दहा, महिन्यातले रोख व्यवहार दहा लाखांवर गेले तर काय. तिसरी खूण असलेले सरळ काढून टाकले.

*मग प्रसंग.* प्रत्येक निर्णयासाठी १०० ते १५० शब्दांचा एक प्रसंग आणि तीन पर्याय. वरच्या २३व्या स्लाइडच्या जागी आलेला प्रसंग असा :

‘दुपारचे पावणेतीन. विशीतला एक मुलगा खातं काढायला आलाय, सोबत तिशीतला एक जण. आधार, पॅन, दोन फोटो, सगळं आहे. खातं कशाला हवंय विचारल्यावर उत्तर सोबतचाच देतो : “स्कॉलरशिप यायचीय त्याची.” कोणत्या कॉलेजला, विचारल्यावर मुलगा नाव सांगतो, पण वर्ग सांगताना अडखळतो. मोबाइल नंबर विचारता, तेव्हा तो सोबतच्याकडे बघतो. नंबर सोबतचा सांगतो.

अ. कागद पूर्ण आहेत. खातं उघडायचं.
ब. “हे भाड्याचं खातं वाटतंय, पोलिसांना कळवावं लागेल,” असं सांगून परत पाठवायचं.
क. सोबतच्याला बाकावर बसवून मुलाशी एकट्याशी बोलायचं.’

‘अ’ निवडले की ‘चूक!’ असे लाल अक्षर येत नाही. पुढचे पान उघडते : ‘सात आठवड्यांनंतर. खात्यात एका सकाळी अनोळखी नावांवरून यूपीआयने अठरा रकमा जमा. दुपारपर्यंत सगळ्या दुसऱ्या खात्यांत वळत्या. फसवणूक झालेल्या एकाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. खातं गोठवायचं पत्र आलंय. अर्जावर ‘समक्ष पडताळणी केली’ या ओळीखाली सही तुमची आहे.’ ‘ब’ची गोष्ट वेगळी. (‘भाड्याचं खातं’ म्हणजे फसवणुकीचा पैसा फिरवायला दुसऱ्याने वापरायला घेतलेले खाते.) संशयाची माहिती ग्राहकाला कळू देणे हेच नियमाविरुद्ध आहे. त्या पानावर ती जोडी शेजारच्या बँकेत जाते, आणि आता तिथे काय बोलायचे हे तिला ठाऊक असते.

‘क’ निवडले तरी प्रसंग संपत नाही. मुलगा सांगतो, नंबर ‘मामांचा’ आहे, कार्डही तेच वापरणार. आता पुढचा निर्णय. इथे कर्मचाऱ्याला हे उमगायला हवे की खात्याची खरी किल्ली नोंदवलेला मोबाइल नंबर हीच आहे. ओटीपी, यूपीआय, सगळे तिथून चालते. ज्याचा नंबर, त्याचे खाते. पडताळणी नीट होत नसेल तर खाते उघडायचे नाही, आणि संशयाचा अहवाल गुपचूप वरच्या पातळीवर द्यायचा, इथपर्यंत प्रसंग नेला.

चुकीचे पर्याय मनाने रचले नाहीत. ते जुन्या शेऱ्यांतून उचलले. ‘ग्राहक ओळखीचा आहे’ हा पर्याय एका प्रसंगात जसाच्या तसा आहे आणि कोर्समधला तोच सर्वात मोहात पाडणारा ठरला.

*भाषा.* ‘लाभार्थी मालक’च्या जागी ‘यामागचा खरा मालक कोण?’ आले. मात्र अर्जावर छापलेला शब्द कंसात एकदा ठेवला, नाहीतर अर्ज भरताना गडबड होते. ग्राहकाच्या तोंडी ग्राहकाचीच भाषा ठेवली. फोटो एका शाखेच्या काउंटरवर, कर्मचाऱ्यांनाच उभे करून काढले. टेबलावर खरे अर्ज किंवा आधार क्रमांक दिसणार नाहीत एवढी खबरदारी घेतली. संशयास्पद ‘मामा’ म्हणून उभ्या राहिलेल्या क्लार्कला पुढे सहा महिने सगळी बँक मामाच म्हणत होती.

*तांत्रिक बाजू.* सुरुवातीला अकराही प्रसंग एकाच स्कॉर्म १.२ पॅकेजमध्ये भरले होते (स्कॉर्म म्हणजे कोर्स अशा प्रणालीत चढवण्याचा ठरलेला साचा). अर्धवट सोडून गेलेला माणूस परत आला की कधी मधेच, कधी पहिल्या पानावर पोचायचा. स्कॉर्म १.२ मध्ये ‘कुठवर आलो’ ही नोंद जास्तीत जास्त ४०९६ अक्षरांत मावावी लागते. फाटे फुटणाऱ्या प्रसंगांत प्रत्येक निवड साठवायची म्हटले की ती मर्यादा ओलांडली जाते आणि पुढची नोंद कापली जाते. उपाय असा केला : प्रत्येक प्रसंग वेगळे पॅकेज, प्रत्येकी चार ते सहा मिनिटे. याने दुसराही प्रश्न सुटला. कॅशियरला मधेच काउंटरवर हाक आली तरी एकच प्रसंग वाया जातो. एकाच संगणकावर आधीचा माणूस लॉगआउट न करता उठला तर पुढच्याची उत्तरे त्याच्या नावे पडत होती. म्हणून दहा मिनिटे हालचाल नसेल तर सत्र बंद, आणि प्रत्येक पानावर वर मोठ्या अक्षरात नाव. ‘पूर्ण’ हा शेरा शेवटचे पान पाहिल्यावर नव्हे, तर प्रसंगातले सगळे निर्णय घेतल्यावर पडेल अशी मांडणी केली. आवाज पूर्ण काढून टाकला.

*वेळ.* मुदत मार्चवरून ऑगस्टअखेरवर नेली. त्यासाठी वार्षिक प्रशिक्षण-आराखड्यात बदल करून मंडळाची मंजुरी घ्यावी लागली. दोन बैठका गेल्या, पण या एका बदलाने जे झाले ते कोणत्याही ॲनिमेशनने झाले नसते.

चाचणीत काय बिघडले

दोन शाखांत आधी चालवून पाहिले, एक शहरातली, एक तालुक्याची. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या शाखेतील एक ज्येष्ठ क्लार्क म्हणाल्या, ‘यात कळण्यासारखं काय आहे? सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो.’ तपासले तर अकरापैकी आठ ठिकाणी तसेच होते. बरोबर पर्याय लिहिताना लिहिणारा सगळ्या अटी त्यात घालतो, चुकीचे पर्याय चार शब्दांत उरकतो. ही खोड जवळपास प्रत्येक प्रश्नसंचात सापडते.

दुसरा दोष जास्त गंभीर होता. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक ग्राहक लबाड निघायचा. चाचणीनंतर त्याच शाखेत कांद्याची पट्टी घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला रोख कुठून आली म्हणून तीन वेळा विचारले गेले. प्रशिक्षणाने माणूस सावध व्हावा, संशयी नव्हे. म्हणून अकरापैकी चार प्रसंग असे केले की त्यात योग्य उत्तर ‘काम करून द्या’ हेच आहे. एकात वृद्ध पेन्शनधारक बाई नूतनीकरणाला येतात, पत्ता-नंबर काहीच बदललेले नाही. स्वयंघोषणापत्र घ्यायचे आणि सोडायचे. एकात भाड्याने राहणारा ग्राहक, आधारवर गावचा पत्ता. आधार ई-केवायसी असेल तर सध्याच्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र चालते, हे कर्मचाऱ्याने आठवायचे. शिवाय एक जोडी केली : आधी पॅनची अट चुकवण्यासाठी पन्नास हजारांच्या आत रोज ४९,००० भरणारा दुकानदार, आणि लगेच पुढच्या प्रसंगात रोज तेवढाच गल्ला खरोखर होणारा दूधवाला. दोघांत फरक काय, हे खात्याचा मागचा उतारा उघडल्याशिवाय कळत नाही. उतारा बघायचा की नाही, हा निर्णयही शिकणाऱ्याचाच. ही जोडी कोर्समधला सर्वात चांगला भाग ठरली.

नंतरची उजळणी

आधी विचार होता तो दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर एक प्रश्न टाकण्याचा. दोन आठवड्यांत बंद केला. कोणी काय निवडले ते सर्वांना दिसते, आणि शाखाधिकाऱ्यांचे मत पडले की बाकीची मते त्याच्यामागे जातात. शिवाय चर्चेत लोक खऱ्या ग्राहकांची नावे लिहू लागले, हे तर धोक्याचेच. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या आठ प्रश्नपत्रिका छापून शाखांना पाठवल्या. सोमवारी काउंटर उघडण्याआधी पाच मिनिटे, शाखाधिकारी एक कार्ड वाचतात. प्रत्येकाने आधी उत्तर कागदावर लिहायचे, मग बोलायचे. आधी लिहिणे ही अट महत्त्वाची, कारण आठवून उत्तर देण्यातच उजळणी होते. दुसऱ्याचे ऐकून मान डोलावण्यात होत नाही.

परिणाम

पहिला परिणाम मुख्य कार्यालयाला धक्का देणारा होता. पहिल्याच प्रयत्नातले सरासरी गुण घसरले. ‘आधी अठरा पडत होते, आता लोक चुकताहेत, मग सुधारणा कसली?’ असा प्रश्न व्यवस्थापनाच्या बैठकीत आला. उत्तर देणे सोपे गेले नाही, कारण जुने गुण खोटे होते हे त्यासाठी मान्य करावे लागत होते. शेवटी उत्तरांची ती व्हॉट्सॲप माळच बैठकीत दाखवली गेली. त्यानंतर गुण हा निकष वगळून दोन गोष्टी मोजायचे ठरले : तपासणीत त्याच चुका पुन्हा किती येतात, आणि इशारा बंद करताना शेऱ्यात कारण लिहिले जाते का.

पुढच्या दोन तपासणी-फेऱ्यांत पत्त्यासाठी पॅन जोडल्याची नोंद तुरळक झाली. शेरे लांबले : ‘ओळखीचा आहे’च्या जागी ‘ऊस बिलाची जमा, कारखान्याची पावती पाहिली’ असे येऊ लागले. नूतनीकरणासाठी विनाकारण कागद मागण्याची सवय मात्र फारशी हलली नाही. कारण नंतर कळले : काही शाखाधिकारी ‘असू देत जादा कागद, नंतर त्रास नको’ असे तोंडी सांगत होते. कर्मचाऱ्याला बरोबर उत्तर माहीत होते, पण सही साहेबांची होती. कोर्स हा अडसर काढू शकत नाही. त्यासाठी महाव्यवस्थापकांचे परिपत्रक लागले.

पुन्हा केले तर

बदलाआधी महिनाभर शेऱ्यांची मोजणी करून ठेवली असती तर परिणाम नेमक्या आकड्यात सांगता आला असता. ती केली नाही, त्यामुळे वरचे सगळे तपासनिसांच्या टिपणांवर बेतलेले आहे.

चाचणीसाठी शाखा निवडताना उत्साही शाखाधिकारी बघून निवडल्या, ही चूक. मार्चमध्ये पाच जणांचे कोर्स एकट्याने उरकणारी शाखा घ्यायला हवी होती.

नियमातले आकडे प्रसंगांच्या मजकुरातच लिहिले गेले. एक मर्यादा बदलली की चार पॅकेज उघडून दुरुस्त करून पुन्हा चढवावी लागतात. आकडे फक्त काचेमागच्या कोष्टकात ठेवून प्रसंगांत ‘कोष्टक पाहा’ म्हटले असते तर एकच कागद बदलून भागले असते.

आणि पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणारे, राहून गेले. ते कर्मचारी नाहीत, प्रणालीत त्यांचे खाते नाही, पण ग्राहकाच्या दारात रोज तेच जातात आणि ‘साहेब, माझ्या ओळखीचा आहे’ हे वाक्य शाखेत सर्वात जास्त वेळा त्यांच्याच तोंडून येते. त्यांच्यासाठी कार्डांचा वेगळा संच आता लिहिला जातो आहे, मोबाइलवर वाचता येईल एवढ्या अक्षरात.